एकशे बारा वेळा ‘नाही’

४ फेब्रुवारी

चि. काटक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पोट आता पट्ट्यावरून खाली डोकावतं, तरी मी तुला काटक्याच म्हणणार. फोनवर तू ‘सगळं ठीक’ आणि ‘बाकी काय’ यापलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र. सैन्यात होतास तेव्हा निदान पानभर तरी लिहायचास. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तर शाईसुद्धा निवृत्त झाली की काय?

आज मला फार आनंद झालाय आणि तो सांगायला घरात कुणी नाही. तुझे भावजी दौऱ्यावर आहेत. आमची नियम शाखा तुला माहीत आहेच. तिसरा मजला, जिन्याशेजारची खोली, चार टेबलं आणि एक पंखा, तोही माझ्याकडे पाठ करून बसलेला. सैनिक आणि निवृत्त सैनिक स्वतःचा जीव द्यायला लागले तेव्हा सरकारने तीन वर्षांपूर्वी सगळ्या तुकड्यांतून एक तपासणीपत्रक भरून घेतलं. वीस प्रश्न, ‘हो’ किंवा ‘नाही’. खाली सही तेव्हाच्या साहेबांची होती, पण शब्द माझे होते. एकेका प्रश्नावर मी आठवडा आठवडा घालवलाय.

आज सगळ्याचा एकत्र निकाल आला. शंभरातले अठ्ठ्याण्णव जण ठीक! आमच्या शाखेच्या प्रमुख मॅडम स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. म्हणाल्या, “बाई, तुम्ही कागदावर माणसं वाचवलीत.” मी तोंडाने ‘छे छे’ म्हटलं आणि मनातल्या मनात दोन दोन पायऱ्या एकदम चढले. एक जुलैपासून हेच पत्रक निवृत्त सैनिकांनाही लागू होणार आहे. त्याआधी मे महिन्यात समितीची खुली सुनावणी होईल.

तर हवालदारसाहेब, तुमच्या कंपनीनेही ते भरलं होतं. अनुभवी माणूस म्हणून दोन ओळी लिहून पाठव. माझ्या टिपणात घालते. कौतुक केलंस तरी चालेल, मी रागावणार नाही.

मास्तरीणबाईंना नमस्कार सांग.

तुझी ताई


१९ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न.

पत्र मास्तरीणबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. बायको शिक्षिका असली की स्वतःचं पत्रही वर्गात बसून ऐकावं लागतं. वर शेरा मारला, “बघा, तुमच्या घरात कुणीतरी डोक्याने काम करतं.”

अभिनंदन. आमचं पाणीपुरवठ्याचं पंपघर बरं चाललंय. चार पंप आहेत, त्यातला तिसरा दमेकरी. दर तासाला दाब बघायचा आणि वहीत लिहायचा. सैन्यासारखंच आहे, फक्त कुणी सलाम ठोकत नाही.

तुला दोन ओळी हव्यात, घे. “पत्रक सोपे व सुटसुटीत होते. आमची एकशे बारा जणांची कंपनी वीस मिनिटांत मोकळी झाली. शंभर टक्के पत्रके भरल्याबद्दल कंपनीला शाबासकीचे पत्र मिळाले.”

चालेल ना? नसेल तर तूच काहीतरी छान लिही आणि खाली माझं नाव ठोक.

बाकी सगळं ठीक.

तुझा काटक्या


२७ फेब्रुवारी

चि. काटक्यास,
आशीर्वाद.

तुझ्या दोन ओळी मी टिपणात घातल्या, टंकलेखनाला दिल्या आणि परत मागून घेतल्या.

वीस मिनिटं?

माझी चौथी सूचना अशी होती: ‘प्रत्येकाने पत्रक एकट्याने, बंद खोलीत, निवांत बसून भरावे.’ एका माणसाला अर्धा तास तरी हवा. एकशे बारा जणांना छप्पन्न तास होतात. मी आधी स्वतःची समजूत घातली, की काटक्या नेहमीसारखा फुशारकी मारतोय. पण दुपारी डबा तसाच बंद ठेवला. शेवटी तळघरातल्या अभिलेख कक्षात गेले आणि तुमच्या कंपनीचा गठ्ठा काढायला लावला.

पत्रकांवर नावं नसतात, फक्त क्रमांक असतात. एक ते एकशे बारा. मी सगळी बघितली. प्रत्येक पत्रकावर वीसच्या वीस ‘नाही’.

आता माझी चूक सांगते. अकरावा प्रश्न मी मुद्दाम उलटा घातला होता: ‘झोप नीट लागते का?’ कुणी न वाचता भरत सुटलं तर तिथे सापडावं, एवढ्यासाठी. तुमच्या कंपनीत एकशे बारा जणांना झोप लागत नाही, असं तो कागद म्हणतो. आणि हे तीन वर्षांत कुणाला दिसलं नाही, कारण तीनपेक्षा कमी उत्तरं वाईट असली की यंत्र ‘ठीक’ म्हणून पुढे ढकलतं. मी सापळा लावला आणि तो बघायला कुणी जायचं, हे लिहायलाच विसरले.

तिथेच बसून आणखी नऊ कंपन्यांचे गठ्ठे उघडले. सहांमध्ये हेच.

अजून एक. तुमच्या गठ्ठ्यात त्रेसष्ट क्रमांकाच्या पत्रकावर चौदाव्या प्रश्नाला कुणीतरी आधी ‘हो’ लिहिलंय आणि मग खोडून ‘नाही’ केलंय. इतकं दाबून खोडलंय की कागद फाटायला आलाय. चौदावा प्रश्न होता: ‘आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं का?’

काटक्या, त्या दिवशी काय झालं होतं?

ताई


२० मार्च

ती. ताईंना नमस्कार.

हे पत्र तुमच्या भावाला न सांगता लिहितेय. तुमचं पत्र आलं, ते त्यांनी स्वतः वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. तेव्हापासून तीन आठवडे ते पंपघरात दुप्पट पाळ्या करतायत. दाढी वेळेवर, जेवण वेळेवर, बोलणं बंद. भिंतीवर त्यांच्या कंपनीचं शाबासकीपत्र होतं, ते कधी काढलं मला कळलंही नाही. विचारलं तर म्हणाले, “धूळ बसते.”

चाळीस मुलांच्या वर्गात कोण गप्प बसलंय ते मी फळ्याकडे तोंड करूनही ओळखते. घरात तर एकच माणूस आहे.

तुम्ही काय विचारलंत ते मला माहीत नाही. पण विचारलेलं मागे घेऊ नका. इतक्या वर्षांत मला जमलं नाही ते तुमच्या एका पत्राने केलंय, काहीतरी हललंय. फक्त आता त्यांना एकटं सोडायला नको. मी आहेच. तुम्हीही या.

तुमची भावजय


५ एप्रिल

ति. ताईस,
सा. न.

तू आलीस, दोन दिवस राहिलीस आणि एक शब्द विचारला नाहीस. माझ्याबरोबर पंपघरात लोखंडी खुर्चीवर बसून स्वेटर विणत राहिलीस. तो स्वेटर कुणासाठी होता ते देव जाणे, एक बाही दुसरीच्या दीडपट होती. स्टेशनवर गाडीत चढताना एवढंच म्हणालीस, “बोलता येत नसेल तर लिही.” म्हणून लिहितो.

पत्रकं आली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आमच्यातल्या एका पोराने डॉक्टरला सांगितलं की मन लागत नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची रायफल काढून घेतली, पहाऱ्यावरून उठवलं आणि भांडारात कांदे-बटाटे निवडायला बसवलं. बढती गेली. पोरं त्याला ‘काचेचा’ म्हणायला लागली. म्हणून तुझी पत्रकं आली तेव्हा मी ठरवलं, माझ्या एकाही पोराचं असं होऊ देणार नाही.

सगळ्यांना मैदानात ओळीने खाली बसवलं. मांडीवर फळी, फळीवर पत्रक. मी समोर उभा राहिलो आणि कवायतीच्या आवाजात सांगितलं, “प्रश्न एक. नाही. प्रश्न दोन. नाही.” मी प्रश्न वाचलेसुद्धा नव्हते. वीस मिनिटांतली पाच तर पेनं वाटण्यात गेली.

तुला आमचा रेडिओवाला आठवतो? कंपनीचा बिनतारी संदेश सांभाळायचा म्हणून रेडिओवाला. सुटीत माझ्याबरोबर तुझ्याकडे राहिला होता. तुझा मिक्सर उघडून बसला, दुरुस्त केला आणि वर दोन स्क्रू उरले. तू ओरडलीस तर म्हणाला, “ताई, कंपनीवालेच जास्तीचे घालतात.”

त्याने हात वर केला. “हवालदार, चौदाव्याला ‘हो’ लिहिलं तर?”

मी म्हटलं, “तर तुला कांदे निवडायला पाठवतो. खोड.”

सगळे हसले. तोही हसला, आणि खोडलं.

आठ महिन्यांनी तो गेला. तुला मी गाडीचा अपघात सांगितला होता. अपघात नव्हता, ताई. त्याने स्वतःच स्वतःला संपवलं.

तू तुझं पत्रक चुकलं म्हणतेस. पत्रक चुकलं नव्हतं. एका माणसाने हात वर केला होता आणि मी तो खाली करायला लावला. मला वाटत होतं मी त्यांना वाचवतोय.

काटक्या


१२ एप्रिल

माझ्या काटक्यास,

तुझं पत्र मी कार्यालयात फोडलं आणि जिन्यात जाऊन वाचलं. तिथेच पायरीवर बसून राहिले. शिपाई म्हणाला, “बाई, चक्कर आली का?” मी म्हटलं, “हो.” खरं उत्तर द्यायला किती जड जातं, ते तिथे कळलं. कारण तो ‘हो’ खरा नव्हताच.

तुझी चूक मी लहान करून सांगणार नाही. तुलाही ते आवडणार नाही. पण माझी मला उचलू दे. पत्रकाच्या मागच्या बाजूला सर्वांत खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘चिंताजनक उत्तर आढळल्यास तत्काळ वरिष्ठांना कळवावे.’ ती माझी. लिहिताना मला वाटलं होतं, वरिष्ठांना कळलं की मदत मिळेल. काय मिळायचं ते तुला मैदानात ठाऊक होतं, मला टेबलापाशी ठाऊक नव्हतं. ‘बंद खोलीत’ लिहिताना मी विचार केला नाही की तंबूत राहणाऱ्यांना बंद खोली कुठली मिळणार.

आता मी नवा मसुदा केलाय. उत्तरं तुकडीत राहणार नाहीत, बाहेरच्या डॉक्टरकडे जातील. मदत मागितली म्हणून कुणाची बढती किंवा निवृत्तिवेतन अडणार नाही. काही दिवस हत्यार नको असेल तर ते गाजावाजा न करता, त्याच्याच सोबत्यापाशी ठेवता येईल. आणि निवृत्त झाल्यावर पहिलं वर्षभर त्याच्याच कंपनीतला एक माणूस दर महिन्याला त्याच्या घरी जाईल. फोन नाही, घरी.

पण मॅडम म्हणाल्या, “अठ्ठ्याण्णव टक्के ठीक असताना हे सगळं कशाला, असं समिती विचारेल.” मी सहा गठ्ठे दाखवले. त्यावर म्हणाल्या, “एकसारखी उत्तरं हा पुरावा होत नाही बाई. ती कशी भरली गेली, हे सांगणारा माणूस हवा.”

मी त्यांना तिथेच सांगितलं की असा माणूस माझा सख्खा भाऊ आहे आणि त्याला मी बोलावणार नाही. सुनावणीच्या दिवशी मी समितीच्या टेबलाशी बसायचं नाही, असं ठरलं.

सुनावणी चौदा मेला आहे, सकाळी अकराला. कुणीही येऊन बोलू शकतं. तू बोललास तर तुझी पोरं तुला फितूर म्हणतील, आणि रेडिओवाल्याच्या घरच्यांना सगळं कळेल. नाही बोललास तर एक जुलैला जुनंच पत्रक तुझ्यासारख्या हजारोंच्या घरी जाईल. दोन्ही तुला माहीत असावं म्हणून लिहिलं. यात मी तुला काही सांगत नाही.

एवढं मात्र सांगते. तू आलास किंवा नाही आलास, तू माझा आहेस. मास्तरीणबाईंच्या नजरेआड राहू नकोस.

ताई


६ मे

ति. ताईस,
सा. न.

काल रेडिओवाल्याच्या आईकडे जाऊन आलो. बाहेरून कळण्याआधी तिला माझ्याकडून कळायला हवं होतं. मास्तरीणबाई बरोबर आल्या. म्हणाल्या, “मी बाहेर थांबेन. पण थांबेन.”

शिवणाचं दुकान आहे. एका खोलीत मशीन, कपाटात कापडाचे तुकडे, भिंतीवर मुलाचा गणवेशातला फोटो. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मैदान, फळ्या, चौदावा प्रश्न, कांदे. तिने मशीन थांबवलं नाही. मला वाटलं ऐकू जात नसेल, म्हणून आवाज चढवला.

“ओरडू नका,” ती म्हणाली. “ऐकतेय. हात थांबवले तर तुम्हाला मारतील.”

एक अख्खी बाही शिवून झाली. मग दोरा तोडला आणि विचारलं, “हसले होते? सगळे?”

“हो.”

“तोही?”

“हो.”

“लहानपणापासून तसाच. पडला तरी आधी हसायचा, मग रडायला घरी यायचा.” मग म्हणाली, “अडीच वर्षं मी विचार करतेय की माझंच काय चुकलं. तुम्ही आज आलात.”

मी तिला सुनावणीचं सांगितलं. विचारलं, तिथे बोलू का? ती म्हणाली, “बोला. पण मी माफ केलं असं तिथे सांगू नका. केलेलं नाही. आणि ‘एक जवान’ वगैरे म्हणू नका. त्याला त्याचे सगळे ज्या नावाने हाक मारायचे, त्याच नावाने सांगा.”

निघताना दारापर्यंत आली. माझ्या शर्टाची बाही बघून म्हणाली, “शिवण उसवलीय.” शिवून मात्र दिली नाही.

चौदाला येतोय. तीही येणार आहे, एकटीच, आमच्याबरोबर नाही. तू मला आणायला स्टेशनवर येऊ नकोस. आलीस तर मला रडू येईल आणि मग आवाज लागणार नाही.

तुझा काटक्या


१६ मे

चि. काटक्यास,
खूप खूप आशीर्वाद.

परवा तू बोलत होतास तेव्हा तुझी पाठ आमच्याकडे होती. मागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, म्हणून सांगते.

मी शेवटच्या बाकावर होते. शेजारी एक बाई येऊन बसल्या. मांडीवर पिशवी आणि बोटांच्या टोकांना सुया टोचून पडलेले निबर घट्टे. मी ओळखलं, पण बोलले नाही.

तू उभा राहून सगळं सांगितलंस. समितीतले निवृत्त सेनाधिकारी, ते पांढऱ्या मिशांचे, त्यांनी मध्येच विचारलं, “हवालदार, असं भरून घ्यायचा हुकूम कुणी दिला होता?”

“कुणीच नाही साहेब. सवय होती.”

“आमची माणसं एवढी मेंढरं नाहीत, की कुणी सांगेल ते लिहितील.”

मला वाटलं, आता हा चिडणार. पण तू शांतपणे म्हणालास, “साहेब, दोन मिनिटं द्या. सगळ्यांसमोर कोरं पत्रक आहे. पेन घ्या.” आणि मग तो आवाज काढलास. काटक्या, तुझा तो आवाज मी जन्मात कधी ऐकला नव्हता. खिडकीच्या काचा थरथरल्या. “प्रश्न एक. नाही! प्रश्न दोन. नाही!”

आणि ते लिहायला लागले! समितीतले वकीलसाहेब, लोकप्रतिनिधी, मिशीवाले साहेब, आमच्या मॅडमसुद्धा! फक्त डॉक्टरीणबाई लिहीत नव्हत्या, त्या प्रश्न वाचत बसल्या होत्या. मी खाली बघितलं तर माझं बोट मांडीवर ‘नाही नाही’ लिहीत होतं. ते प्रश्न मी लिहिलेत, तरी!

शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. हळू आवाजात विचारलं, “याच आवाजात सांगितलं असेल ना त्याला?”

मी म्हटलं, “हो.”

त्यांनी डोळे मिटले आणि विसाव्या प्रश्नापर्यंत मिटलेलेच ठेवले.

मग तू म्हणालास, “आता अकरावा प्रश्न वाचा.” मिशीवाल्यांनी खिशातून चष्मा काढला, वाचलं आणि कागद खाली ठेवला. म्हणाले, “मी लिहिलंय की मला झोप लागत नाही.”

तू विचारलंस, “लागते का साहेब?”

त्यांनी चष्मा काढून मिटला. मग म्हणाले, “पुढचा प्रश्न कुणीतरी विचारा.” एवढं तू ऐकलंस. पण तू परत वळून बसलास तेव्हा त्यांनी तो कागद चौघडी करून आतल्या खिशात ठेवला. ते फक्त मी पाहिलं.

बाहेर पडताना त्या बाई मला म्हणाल्या, “तुमच्या भावाचा आवाज चांगला आहे. आजवर भलत्या कामाला लावला होता.” आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या.

मी लहानपणापासून तुझी बक्षिसं बघितली, गणवेश बघितला, छातीवरच्या फिती बघितल्या. दरवेळी अभिमान वाटला, शेजारणींना सांगितलंही. पण परवा तू ‘मी सांगितलं, मीच’ असं म्हणालास, तेव्हा मला उठून उभं राहावंसं वाटलं.

निर्णय अजून व्हायचाय. झाला की कळवते.

तुझी ताई


२४ मे

ति. ताईस,
सा. न.

वर्तमानपत्रात बातमी आली आणि घरचा फोन तापला. चौघांनी शिव्या दिल्या. एकाने फोन न बोलता ठेवला, तो जास्त लागला. शेवटी आमच्या कंपनीचा आचारी. तो म्हणाला, “हवालदार, शाबासकीपत्राचा पार कचरा केलात.” मी म्हटलं, “बोल, अजून बोल.” तर म्हणाला, “अकरावा मात्र मी खरा लिहिला होता. मला तेव्हाही झोप नव्हती, आताही नाही.”

मी विचारलं, “घरी येऊ का?”

म्हणाला, “या. पण जेवण मी करणार नाही, आयुष्यभर केलंय.”

परवा जाऊन आलो. मीच डाळ-भात केला. त्याने प्रत्येक घासाला नावं ठेवली आणि दोनदा वाढून घेतलं. आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत बसलो.

तुझे नियम अजून झालेले नाहीत ना? आम्ही वाट बघितली नाही.

तुझा काटक्या


११ जुलै

चि. काटक्यास,
आशीर्वाद.

झालं! जुनं पत्रक रद्द. मसुद्यातलं जवळजवळ सगळं मंजूर झालं. हत्याराच्या कलमावर वकीलसाहेब अडून बसले होते. मिशीवाले साहेब म्हणाले, “ते राहू द्या,” आणि ते राहिलं. बढतीच्या कलमात दोन शब्द मात्र पातळ झाले. ते मी पुढच्या वर्षी घट्ट करीन, माझी नोकरी अजून दहा वर्षं आहे.

घरी जाण्याच्या कलमावर कुणीच प्रश्न विचारला नाही. का, ते तू आणि तुझा आचारी जाणतच असाल.

मंजुरीआधी चाचणी म्हणून पाच तुकड्यांत नवं पत्रक भरून घेतलं होतं, त्यांचा निकालही आला. बाहेरची डॉक्टरमाणसं, एकेकाला तंबूत वेगळं बसवून, घाई न करता. शंभरात एकतीस जणांनी कुठे ना कुठे ‘हो’ लिहिलं. मॅडमचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “बाई, आकडा फार वाईट आलाय हो.”

मी म्हटलं, “मॅडम, एकतीस जण बोलले.”

‘हो’ लिहिणाऱ्या सगळ्यांना आता डॉक्टर भेटतायत. नावं मला माहीत नाहीत, आणि माहीत नाहीत याचाच मला अभिमान आहे.

निवृत्तांची पत्रकं या आठवड्यात टपालात पडतील. तुझंही येईल. भरशील ना? एवढंच विचारते. काय भरलंस ते विचारणार नाही.

ताई


२३ जुलै

ति. ताईस,
सा. न.

पत्रक आलं. मास्तरीणबाई पेन टेबलावर ठेवून शेजारणीकडे निघून गेल्या. शेजारणीशी त्यांचं पटत नाही, तरी दीड तास बसल्या.

मला चाळीस मिनिटं लागली. काय भरलं ते तू विचारणार नाहीस म्हणालीस, म्हणूनच सांगतो. चार ठिकाणी ‘हो’. चौदाव्याला पेन बराच वेळ हातात धरून बसलो. मग लिहिलं: ‘पूर्वी, हो.’ रकान्यात ‘पूर्वी’ला जागा नाही, कडेला लिहिलं. पुढच्या वेळी तेवढी जागा ठेव.

चार दिवसांनी डॉक्टरांकडून फोन आला. बुधवारी चार वाजता बोलावलंय. पंपघरात रजेचा अर्ज द्यावा लागतो, आणि तो अर्ज आमच्याकडे सगळ्यांना दिसेल असा टाचणीने फळ्यावर लावतात. आधी कारण लिहिलं, ‘घरगुती काम’. वाचून बघितलं. खोटं नव्हतं, पण लपवल्यासारखंच होतं. फाडला. दुसरा लिहिला: ‘मनाच्या डॉक्टरांकडे जायचे आहे.’ खाली सही केली, आणि सवयीने हुद्दाही लिहिला, हवालदार, निवृत्त.

आमचे अभियंतासाहेब तिशीतले आहेत, माझ्यापेक्षा खूप लहान. त्यांनी अर्ज वाचला, मग परत वाचला. मी सरळ उभा होतो, हात बाजूला, जसा पहिल्या दिवशी भरतीला उभा होतो तसा.

त्यांनी विचारलं, “किती वेळ लागेल?”

म्हटलं, “माहीत नाही साहेब. पहिल्यांदाच जातोय.”

ते म्हणाले, “मग पूर्ण दिवस घ्या.”

तुझा काटक्या